हदगावी येसर मुळात कुठले?

लातूरमध्ये ज्याला ‘हदगावी येसर’ म्हणतात, ते खरोखर हदगावचे आहे का? यंदाच्या उन्हाळ्यात मी या एका प्रश्नाच्या मागे लागले. त्याचे जे उत्तर सापडले, ते ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने येथे मांडते आहे.

येसर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडेसे. ज्वारी, हरभरा, तूर अशी धान्ये भाजायची, त्यांत भाजलेली लाल मिरची, धने, जिरे आणि थोडा खडा मसाला घालायचा आणि सगळे दळून आणायचे. घरात भाजी नसेल त्या दिवशी लसणाच्या फोडणीत पाणी ओतून हे पीठ कालवले की दाट आमटी होते आणि तिच्यात भाकरी कुस्करून जेवण भागते. मराठवाड्यात येसर घरोघर करतात. मात्र लातूरला माझ्या काकूंच्या घरचे येसर वेगळे लागते. ते अधिक खरपूस असते आणि मागाहून जिभेवर किंचित गोडसर चव राहते. काकूंचे माहेर हदगावकडचे. म्हणून त्या घरात, त्या गल्लीत आणि पुढे बरेच दूरवर त्याला ‘हदगावी’ हे नाव पडले. त्या नावाबद्दल कुणाला कधी शंका आली नाही.

मलाही नाही. हे कबूल केले पाहिजे, कारण मी नांदेडच्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. प्रदेश आणि आहार यांचा संबंध समजावताना मी हदगावी येसराचे उदाहरण फळ्यावर लिहीत असे: काळी जमीन, कोरडवाहू शेती, कडधान्ये, म्हणून येसर. मुले ते उत्तरपत्रिकेत उतरवीत आणि मी पूर्ण गुण देत असे.

शंकेचे निमित्त झाले ते एक लेबल. काकूंची सून, म्हणजे माझी वहिनी, लातूरला बायकांचा एक बचत गट चालवते. गटाचे मुख्य उत्पादन हेच येसर. आजवर ते साध्या पिशवीत, हाताने नाव लिहून विकले जात होते. यंदा प्रदर्शनात गटाला जागा मिळाली आणि छापील पाकिटे करायचे ठरले. वहिनीचा फोन आला.

“ताई, तुम्ही भूगोलाच्या बाई. पाकिटाच्या मागच्या बाजूला चार ओळी लिहून द्या. हदगावची परंपरा, काळी माती, असं काहीतरी भारी. पंधरा दिवसांत द्या बरं का. एकदा छापलं की दोन-तीन वर्षं तेच चालवायचंय.”

“खरं असेल तेच लिहीन,” मी म्हणाले.

“मग खोटं कोण लिहा म्हणतंय?” वहिनी हसली.

वर्गात सांगितलेली गोष्ट आणि छापायची गोष्ट यांत फरक असतो. मी चार ओळी लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीशी थांबले. हदगावात हे येसर मी कधी खाल्ले होते का? आठवेना. हदगावच्या एखाद्या विद्यार्थिनीने डब्यात आणले होते का? तेही आठवेना.

गावाचे नाव लागलेल्या पदार्थांविषयी माझ्याजवळ एक छोटे निरीक्षण होते. लातूरच्या चौकाचौकांत गाड्यांवर ‘निलंगा राईस’ मिळतो. एकदा निलंग्याला लग्नासाठी गेले असताना मी तिथल्या गाडीवाल्याकडे एक प्लेट निलंगा राईस मागितला. तो म्हणाला, “इथं नुसता राईस म्हणायचं, बाई. निलंगा तर हे सगळंच हाय.” याच्या उलट, कापताना रबरासारखी ताणली जाणारी ती रंगीत मिठाई एका दुकानात ‘कराची हलवा’ असते आणि शेजारच्या दुकानात ‘मुंबई हलवा’. तिचे गाव कोणते, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. यावरून मी एक कच्ची कसोटी तयार केली होती. पदार्थ त्या गावचा असेल, तर गावातली माणसे तो ओळखतात आणि बहुधा गावाचे नाव गाळूनच बोलतात. गावात कुणी तो ओळखतच नसेल, तर शोध दुसरीकडे घ्यावा.

म्हणून मी एष्टीने हदगावला गेले. उन्हाळ्यात मसाल्याची चौकशी करायची तर मिरची कांडपाच्या गिरणीइतकी चांगली जागा नाही, कारण गावातली प्रत्येक जात आणि प्रत्येक गल्ली तिथे डबे घेऊन रांगेत असते. नाकाला पदर लावून मी रांगेतल्या एका प्रौढ बाईंना विचारले, “हदगावी येसर इथं कोण चांगलं करतं?”

“हदगावी?” त्यांनी मागच्या बाईकडे पाहिले. “अगं, हदगावी येसर म्हणं. तुला ठाव हाय का?”

“न्हाई बा. येसर तर आपुन बी करून राहिलो. त्याला हदगावी काय अन् बिनहदगावी काय?”

“पर म्या ऐकलंय ते नाव,” गिरणीवाला मशीन बंद करून म्हणाला. “माझी मेव्हणी लातूरला हाय. ती आनते तिकडून. लई झ्याक असतंय. लातूरला मिळतंय ते, मावशी, इकडं कुठं हुडकता?”

रांग हसली, मीही हसले. त्यांचे येसर कसे करतात ते मात्र मी वहीत नीट उतरवून घेतले. ज्वारी वेगळी भाजायची, हरभरा वेगळा, तूर वेगळी, कारण प्रत्येक दाण्याला लागणारी आच निराळी. माझी आईही असेच करीत असे.

दोन दिवसांनी मी लातूरला काकूंकडे गेले. परसातल्या पत्र्याच्या छपराखाली गटाच्या बायका काम करीत होत्या आणि काकू दारातल्या खाटेवर बसून देखरेख करीत होत्या. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. नजर कमी झाली असली तरी भाजण्याच्या वासावरून आच किती आहे हे त्या बसल्या जागी सांगतात.

मी नुसते पाहत राहिले आणि थोड्याच वेळात दोन गोष्टी खटकल्या. पहिली अशी, की इथे ज्वारी, तूर, हरभरा, मूग आणि उडीद ही पाचही धान्ये एकत्र करून एकाच कढईत मंद आचेवर भाजत होत्या. दुसरी गोष्ट अधिक विचित्र होती. भाजण्यापूर्वी हे धान्य तीन वेळा धुऊन, चादरीवर पसरून उन्हात खडखडीत वाळवले होते. धान्य दुकानातून आणलेले, यंत्रावर साफ केलेले. त्यात माती नाही, खडा नाही.

“हे तीन पाण्यांनी का धुता?” मी विचारले.

“आईंचा नियम हाय,” वहिनी म्हणाली.

“कशासाठी?”

“आता नियम म्हणजे नियम, ताई.”

“सोवळं असंल हो जुन्या माणसांचं,” कढईवरची एक बाई म्हणाली. “दुसरं काय असतंय?”

“दोन पाण्यांनी धुतलं तर काय होईल?”

“ताई, तुम्ही चार ओळी लिहायला आलात का आमची परीक्षा घ्यायला?” वहिनी म्हणाली आणि सगळ्याजणी हसल्या. काकू मात्र हसल्या नाहीत.

दुपारी बायका जेवायला गेल्यावर मी काकूंच्या खाटेवर बसले. “काकू, तुमच्या माहेरी येसर असंच करायचे का?”

काकूंनी आधी बायका गेल्याची खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, “माझ्या माहेरी येसर व्हायचंच न्हाई. आमी जवसाची चटणी खाणारी माणसं. अन् माझं गाव बी हदगाव न्हाई, हदगावापासून लई आत हाय. सासूबाईंना हदगाव तेवढं ठाव होतं.”

“मग हे येसर?”

“तिचं हाय ते,” काकू म्हणाल्या.

ही ‘ती’ म्हणजे मागच्या वस्तीत राहणारी, काकूंहून दहाएक वर्षांनी मोठी एक बौद्ध बाई. लातूरच्या आडत बाजारात, जिथे गावोगावच्या धान्याची पोती येऊन विकली जातात, तिथे ती झाडायचे आणि पाखडायचे काम करीत असे. माझे काका त्याच बाजारात मुनीम होते. वर्षाचे धान्य घरात आले की ती ओसरीवर निवडायला येई. ओसरीच्या आत तिला येता येत नसे आणि तिच्या चहाचा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. काकू नवीन लग्न होऊन आल्या होत्या. सबंध दिवसात मोकळेपणाने बोलायला ती एकटीच.

“मला पहिल्या खेपेचे दिवस होते,” काकूंनी सांगितले. “काही म्हंजे काही जात न्हवतं पोटात. तिनं दुपारी डबा उघडला अन् त्या आमटीचा असा वास आला, मी उठूनच बसले. सासूबाई कीर्तनाला गेल्यावत्या. म्हणलं, मला दे की थोडं. ती म्हणली, नका हो बाईसाहेब, तुमच्या सासूला कळलं तर मला बाजारात उभी राहू देणार न्हाई. मी म्हणलं, तुला सांगायचं हाय का तिला? मग दिली. तिच्याच डब्यात, तिच्याच भाकरीसंग खाल्ली. सगळा डबा संपवला गं मी तिचा. ती तशीच उपाशी राहिली अन् हसत बसली.”

काकूंनी तिच्याकडून कृती शिकून घेतली. आडतीत पोती हलवताना जे धान्य जमिनीवर सांडे, ते संध्याकाळी झाडून न्यायची झाडणाऱ्या बायकांना मुभा होती. त्यात तूर, हरभरा, मूग, उडीद, ज्वारी असे सगळे मिसळलेले असे आणि बरोबर मातीही. एवढे दाणे वेगळे करत कोण बसणार? म्हणून सगळे एकत्रच भाजायचे, आणि काही कच्चे, काही करपलेले राहू नये म्हणून आच मंद ठेवायची. भाजण्याआधी पहिल्या पाण्यात माती जायची. दुसऱ्या पाण्यात रोळायचे, म्हणजे भांडे हलवत धान्य वरच्या वर काढून घ्यायचे आणि खडे तळाशी ठेवायचे. तिसरे पाणी पोत्याचा वास घालवण्यासाठी.

ज्याला आम्ही सोवळे समजत होतो, ती बाजारातली माती धुण्याची रीत होती. आणि ज्या धान्यांसाठी मी फळ्यावर हदगावची जमीन काढत होते, ती धान्ये लातूरच्या आडत बाजाराच्या फरशीवर एकत्र आली होती.

“अन् मग सासूबाईंनी खाल्लं एक दिवस,” काकू पुढे म्हणाल्या. “म्हणल्या, झकास झालीय आमटी, कुठं शिकलीस? आता काय सांगणार होते? तिच्या घरचं म्हणलं असतं तर भांडं फेकून दिलं असतं अन् मला बी. मी म्हणलं, आमच्या हदगावकडं असंच करतात.”

“तिला सांगितलंत हे?”

“सांगितलं की. लई हसली. म्हणली, माझं येसर एष्टीत न बसता हदगावला जाऊन आलं की हो!” काकू हसल्या आणि मग थांबल्या. “पर बारशाला सगळ्या गल्लीला ही आमटी केली. ती परसात उष्ट्या पत्रावळी उचलून राहिली होती. सासूबाई सगळ्यांना सांगतायत, आमच्या सुनेच्या हदगावचं हाय बरं का. तिनं वर बघितलं माझ्याकडं. त्या दिवशी ती हसली न्हाई. अन् मी काही बोलले न्हाई. सासूबाई गेल्या, हे गेले, मग मला कुणाची भीती होती? तवा बी बोलले न्हाई. आता ती बी गेली. तोंडी होतं तवर चालवून घेतलं मी. आता तुमी छापायला निघालात. ते छापू नका, पोरी.”

दारात पाणी घेऊन आलेली वहिनी तशीच उभी होती. “आई, पंचवीस वर्षं झाली मला या घरात येऊन,” ती म्हणाली. “एकदा तरी सांगायचं. लोक हदगावी म्हणूनच मागतात. नाव बदललं तर म्हणतील, हे दुसरंच हाय. दहा बायकांनी उन्हाळाभर राबून हे उभं केलंय.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. मी मध्ये पडले नाही. एवढेच म्हणाले, की एका साक्षीवर निष्कर्ष काढू नये आणि दुसरी साक्ष लातूरमध्येच असू शकेल. त्या बाईंची मुलगी सरकारी दवाखान्यात परिचारिका होती आणि आता निवृत्त होऊन लातूरमध्येच राहते, हे काकूंना ठाऊक होते. ठाऊक असूनही त्या तिच्याकडे कधी गेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आणि मी रिक्षाने तिच्याकडे गेलो. निघताना मी काकूंना बजावले, की आधी मला विचारू द्या, तुम्ही काही सुचवू नका. ऐन उत्तराच्या वेळी मागून कुणी कुजबुजले तर ते उत्तर धरता येत नाही, ही शाळेतली सवय.

मुलगी सत्तरीच्या पुढची, ताठ आणि मोजके बोलणारी. तिने काकूंना ओळखले आणि हात धरून आत नेले, थेट स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. मी विचारले, “तुमच्या आई येसर कसं करायच्या?”

“झाडणीचं का?” ती म्हणाली.

“झाडणीचं म्हणजे?”

“आम्ही तेच म्हणायचो. बाजार झाडून आणलेल्या धान्याचं. तीन पाणी करायची, वाळवायची, अन् सगळं एकदमच भाजायची. पहिलं पाणी चिखलासारखं असायचं. ते ओतायचं काम माझं.”

मी वहीत लिहून घेतले आणि काकूंकडे पाहून मान हलवली. काकूंनी मग डोहाळ्यांपासून बारशापर्यंत सगळे स्वतःच्या तोंडाने सांगितले. शेवटी म्हणाल्या, “चुकलं माझं. तुझ्या आईपाशी म्हणायचं होतं, ते राहिलं.”

मुलीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “आई रागावली होती, काकू. खोटं कशाला सांगू? बारशाहून आली ती जेवली नव्हती. पण पुढच्या वर्षी धान्य निवडायला तुमच्याचकडं आली. मी म्हटलं, कशाला जातेस? तर म्हणाली, ती बिचारी त्या घरात एकटी आहे.”

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मुलगी उठली, आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. वहिनीच्या गटाचीच पिशवी होती ती, वर हाताने लिहिलेले ‘हदगावी येसर’.

“मी आता घरी करत नाही,” ती म्हणाली. “एका मैत्रिणीकडं ही आमटी खाल्ली अन् चव ओळखीची वाटली. तेव्हापासून हेच आणते. मला वाटायचं, हदगावकडं सुद्धा असंच करत असतील.”

लेबलाविषयी मी तिला विचारले. ती म्हणाली, “आईचं नाव घालायचं तर घाला. पण दया येईल असं काही लिहू नका. ती आडत बाजारात काम करायची, एवढं लिहा. आणि तीन पाणी कशासाठी, ते नक्की लिहा.”

परत आल्यावर वहिनीला सगळे सांगितले. तिने दोन दिवस घेतले. गटात वाद झाला आणि एक बाई रागावून कामावरच आली नाही. वहिनीने एक मधला मार्ग सुचवला: ‘लातूरचे येसर’ आणि पुढे कंसात ‘हदगावी’. काकू खाटेवरून म्हणाल्या, “कंसात बी नको.” मग वहिनीने छापखान्याला नवा मजकूर पाठवला. पाकिटावर आता ‘लातूरचे येसर’ आहे. मागे चार ओळी आहेत आणि त्यांत पहिले नाव त्या बाईंचे आहे.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी वहिनीजवळ उभी होते. एका गृहस्थांनी पाकीट उलटेपालटे करून विचारले, “ते हदगावी नाही का हो ठेवत आता?”

“तेच हाय हे,” वहिनी म्हणाली. “गाव चुकलं होतं.”

त्यांनी घेतले. त्यांच्यामागच्या बाईंनी मात्र पाकीट परत ठेवले. नव्या नावाचा पुढे काय परिणाम होईल ते मला सांगता येत नाही, आणि वहिनी माझ्यावर अजून थोडी नाराज आहे. परिचारिकाबाई दुपारी आल्या. काकूंनी त्यांना आपल्याशेजारी खुर्चीवर बसवले, आणि जी गिऱ्हाइके थांबली त्यांना स्वतः सांगितले, “हिच्या आईचं हाय.”

माझ्या उत्तराच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. माझ्याजवळ दोन साक्षी आहेत आणि करण्याच्या पद्धतीचा एक पुरावा. आडत बाजारात झाडकाम करणाऱ्या इतर बायकाही असे येसर करीत असतील, आणि परिचारिकाबाईंच्या आईने ते त्यांच्यापैकी कुणाकडून घेतले असेल, ही शक्यता मी नाकारू शकत नाही. हदगावातल्या एका गिरणीत मी विचारले, सगळ्या हदगावात नाही.

तेव्हा वाचकांना विनंती अशी, की माझ्या शब्दावर थांबू नये. हदगाव, भोकर, हिमायतनगर या बाजूला कुणी धान्ये एकत्र करून, तीन पाण्यांनी धुऊन येसर करीत असेल तर पाहावे. लातूरच्या बाजारात पूर्वी झाडकाम केलेल्या वयस्क बायकांना भेटून विचारावे, आणि विचारताना उत्तर आधी सुचवू नये. माझे उत्तर चुकीचे आढळले तर कृपया कळवावे.